कुसळाचं भात

आमच्या कृषी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला एक प्रात्यक्षिक असायचं. सकाळी सातला बीजोत्पादनाच्या शेतावर हजर राहायचं, डोक्याला रुमाल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कमरेला पिशवी. मग सगळ्यांनी बांधावर एका रांगेत उभं राहायचं आणि भातातून हळूहळू पलीकडच्या बांधापर्यंत चालत जायचं. चालताना जे झाड इतरांपेक्षा उंच दिसेल, आधी फुललेलं असेल, ज्याचं पान वेगळ्या रंगाचं असेल, ते मुळासकट उपटून पिशवीत टाकायचं. याला भेसळ काढणं म्हणतात. बियाणं शुद्ध ठेवायचं तर हे करावंच लागतं, आणि दाणा भरायच्या आत करावं लागतं.

मी या कामात वर्गात पहिली होते. कीटकशास्त्रात मला कसेबसे गुण मिळायचे, सांख्यिकीत तर देवाचीच कृपा, पण भेसळ मला लांबून दिसायची. आमचे सर मागून चालत यायचे, चुकून राहिलेलं एखादं झाड शोधायला, आणि माझ्या पट्ट्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडायचे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, हिला नजर आहे. ते वाक्य मी कितीतरी वर्षं मिरवलं. सुट्टीत रोह्याकडे घरी गेले की वडिलांच्या खाचरातही उतरायचे आणि वेगळी झाडं उपटून बांधावर ढीग लावायचे. वडील कारखान्यातली पाळी संपवून आलेले असायचे. बांधावर बसून बघायचे, बोलायचे काही नाहीत. मुलगी शिकते आहे याचंच त्यांना कौतुक होतं.

हे एवढं सांगते आहे त्याला कारण आहे. पुढे माझ्या हातून जे झालं ते अडाणीपणातून झालं असतं तर मी स्वतःला केव्हाच माफ करून टाकलं असतं. मी ते शिकून केलं, नीट केलं, आणि करताना मला आनंद झाला.

एम.एस्सी. झाल्यावर विद्यापीठाच्या एका लहानशा केंद्रावर मला अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं. मुरूड आणि आगरदांड्याच्या मधे, रस्त्यापासून आत. दोन खोल्या, पत्र्याची शेड, कुंड्यांच्या रांगा, आणि मातीतला खारटपणा मोजायचं एक यंत्र, जे पावसाळ्यात स्वतःच दमट होऊन वाट्टेल ते आकडे दाखवायचं. शनिवारी-रविवारी समोरच्या रस्त्यावरून काशीद बघून पुढे आगरदांड्याकडे येणाऱ्या गाड्यांची रीघ लागायची. त्यांतले काही वाट चुकून आमच्या फाटकाशी यायचे आणि इथे राहायची सोय आहे का विचारायचे. आमच्या प्रकल्पाचं काम होतं खारजमिनीवर तगणारी जुनी भातं शोधणं. शोधणं म्हणजे काय, तर उरलंसुरलं गोळा करणं. आम्ही पोचलो तेव्हा बहुतेक सगळं संपलेलं होतं.

खारजमीन म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन. कुणीतरी कधीतरी मातीचा लांब बांध घातला, त्याला बाहेरकाठा म्हणतात. भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं आणि पावसाचं पाणी सोडायला बांधात लाकडी दार ठेवायचं, ती उघाडी. पावसाने जमीन धुतली जाते, मीठ खाली जातं, आणि मग वर्षातून एकदा त्यात भात होतं. बांधाला खांड गेली की खाडी आत येते. पूर्वी खांड गेली की अख्खा गाव मातीच्या पाट्या घेऊन उतरायचा. आता गावातली मंडळी ट्रकवर, कंपनीत, मुंबईत किंवा नागावच्या बाजूला पर्यटकांच्या मागे. त्यामुळे एकदा आत आलेली खाडी सहसा परत जात नाही. दोन वर्षांत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवतात आणि तिवरं एकदा उगवली की ती तोडणं गुन्हा आहे. कागदावर जमीन तुमची राहते, पाय ठेवायची सोय राहत नाही. तो कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आमच्याच विद्यापीठात तिवरांवर व्याख्यानं होतात आणि मी टाळ्या वाजवलेल्या आहेत.

त्या अख्ख्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीत, एकच शेत अजून दरवर्षी पिकत होतं. ते काकींचं.

काकी साठीच्या पुढच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा उरणच्या बंदराकडे ट्रेलर चालवतो आणि नवी मुंबईत राहतो. आई, ये इकडे, म्हणून तो दर सणाला मागे लागायचा आणि काकी दर सणाला भाताचं कारण सांगायच्या. पेरायचं आहे, कापायचं आहे, झोडायचं आहे. ते शेत होतं म्हणून त्या स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीने राहू शकत होत्या. शेत गेलं की मुलाच्या दोन खोल्यांत जावं लागणार, हे त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगून टाकलं होतं. सून वाईट नाही, असंही लगेच सांगितलं.

मी पहिल्यांदा गेले ती मातीचे नमुने घ्यायला. ऑक्टोबर होता, भात निसवून वाकायला लागलेलं. मी बांधावर उभी राहिले आणि सवयीने माझी नजर फिरली. शेत बहुतेक कमरेएवढं होतं, तांबूस दाण्याचं, लोंबी भरलेली. पण मधेमधे, दहा पावलांवर एखादं, छातीएवढं उंच झाड उभं होतं. त्याच्या लोंबीला बोटभर लांब काळी कुसळं. दाणे थोडे, पान खरखरीत, आणि बाकीचं भात पिकत आलं तरी हे अजून हिरवंच. मी काकींना विचारलं की हे काय आहे. त्या म्हणाल्या, भातच आहे. त्या भाताला नाव काय, तर घरचं भात. किती वर्षांपासून, तर सासूच्या सासूपासून.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझे कान टवकारले. त्या लग्न होऊन आल्यापासून बाहेरकाठ्याला तीनदा मोठी खांड गेली होती. तिन्ही वेळा खारं पाणी शेतात राहिलं, तिन्ही वेळा आजूबाजूच्यांची शेतं बसली. यांच्या शेतात मात्र थोडं का होईना भात उभं राहिलं, पुढच्या वर्षाचं बी निघालं, आणि शेत शेतच राहिलं. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, अतिशय क्षार सहन करणारं वाण. खाली दोन रेघा मारल्या.

केंद्रावर त्या भाताने मला झोप येऊ दिली नाही. मी त्याचं बी कुंड्यांत पेरलं, रोपांना खारं पाणी घातलं आणि किती जगली ते मोजलं. बरीच मेली, काही जगली. जगली तीच मोठी गोष्ट होती. कोणती जगली हे बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. वीतभर रोपाला कुसळ नसतं, उंचीही कळत नाही, सगळी सारखीच दिसतात. मी आकडा लिहिला आणि रोपं फेकून दिली. आजही कुणी मला विचारलं की तुझी चूक नेमकी कुठली, तर मी त्या कुंड्यांकडे बोट दाखवेन.

शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं वाण सरकारदरबारी त्याच्या नावावर नोंदवता येतं. मी ठरवलं की काकींचं भात नोंदवायचं. काकींच्या भल्यासाठी, हे खरं. पण माझा करार दर अकरा महिन्यांनी टांगणीला लागायचा आणि असं एक काम नावावर असतं तर पुढचा करार सोपा झाला असता, हेही तितकंच खरं. अर्जात विचारतात की वाण वेगळं आहे का, दरवर्षी तसंच येतं का, आणि शेतात एकसारखं दिसतं का. शेवटच्या प्रश्नात शेतकऱ्यांच्या वाणाला थोडी सूट असते. मला सूट नको होती. ते शेत बघायला समिती येईल तेव्हा त्यात एकही झाड वर डोकं काढून उभं असता कामा नये, असं माझं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या वर्षी काकींनी मोड आणलेलं बी नेहमीसारखं चिखलावर फेकून पेरलं. भाताला फुलोरा येऊ लागला तशी मी डोक्याला रुमाल बांधून, कमरेला पिशवी लावून शेतात उतरले. काकी बांधावर गवत कापत होत्या. मी पहिलं कुसळाचं झाड उपटलं तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवला.

"ती राहू दे ना बाय," त्या म्हणाल्या. "सासू बोलायची, ती काढू नको."

मी विचारलं, का?

"ते काय म्हायत न्हाय. ती बोलायची, मी ऐकायची."

मी हसले. वाईट हसले नाही, समजूतदारपणे हसले, आणि ते जास्त वाईट. मग बांधावर त्यांच्याशेजारी बसून मी त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. ही भेसळ आहे, ही जागा अडवते, खत खाते आणि देत काही नाही. हिचे पराग उडून चांगल्या भातात मिसळतात. ही काढली की तुमचं भात शुद्ध होईल, जास्त येईल, त्याची नोंद होईल आणि त्यावर तुमचं नाव लागेल. काकी नीट ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं की खत तर मी घालतच नाही, मग ही खाते काय. त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. आम्हाला सगळ्याची उत्तरं देऊन पाठवलेलं असतं.

त्या हो म्हणाल्या. एका शिकलेल्या मुलीने उन्हातान्हात आपल्या चिखलात उतरावं याचंच त्यांना अप्रूप होतं. मी तीन सकाळी ते शेत चालले. आडवं, उभं, परत आडवं. निघालेला ढीग बांधावर घातला, तो शेजारच्यांच्या म्हशीने खाल्ला. तिसऱ्या दिवशी बांधावरून पाहिलं तर अख्खं शेत एका उंचीचं, एका रंगाचं. वारा आला की सगळं एकदम वाकायचं. मला इतकं बरं वाटलं की मी मोबाइलवर फोटो काढून आमच्या जुन्या सरांना पाठवला. त्यांचा उलट निरोप आला, वा.

त्या वर्षी भात खरंच जास्त आलं. समिती आली, शेतात फिरली, मान हलवून गेली. अर्ज पुढे गेला. पुढे कुठे गेला ते मला आजवर कळलेलं नाही. केंद्रावर शेतकरी मेळावा झाला तेव्हा काकींना शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. त्या भाताची एक पेंडी बांधून टेबलावर ठेवली होती आणि काकी येईल त्याला ती दाखवत होत्या, बघा, सगळ्या लोंब्या सारख्या. माझं बोलणं त्यांनी शब्दन्‌शब्द पाठ केलेलं होतं. भेसळ जागा अडवते, हेसुद्धा त्यांनी एका साहेबांना सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. माझा करार पुन्हा झाला.

तिसऱ्या वर्षी मला शेतात उतरायला वेळच मिळाला नाही. प्रकल्पाचे अहवाल, प्रशिक्षणं, बॅनर छापून आणायचे, पाहुण्यांना बोकडाचं चालेल की कोळंबी हवी ते विचारायचं. फुलोरा होऊन गेल्यावर मी एकदा घाईत डोकावले. शेत आधीपेक्षाही एकसारखं होतं. काकींनी स्वतः भेसळ काढली होती. मला म्हणाल्या, तुझ्या नजरेतून सुटलेली माझ्या नजरेला सापडली. मी त्यांची पाठ थोपटली. वयाने माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईची मी पाठ थोपटली.

चौथ्या वर्षी श्रावणातल्या अवसेला उधाण आलं, त्यातच वारा सुटला आणि उघाडीच्या बाजूने बाहेरकाठ्याला खांड गेली. मी तिथे पोचले तोवर खाडी शेतात आलेली होती. पाणी दर भरतीला चढत होतं, ओहोटीला पुरतं उतरत नव्हतं. काकींचा मुलगा ट्रेलर सोडून आला, चार माणसं गोळा केली, वाळूच्या गोण्या टाकल्या. आठवडा गेला तेव्हा कुठे खांड बुजली. काकी त्या सगळ्या गडबडीत शांत होत्या. मुलाला सांगत होत्या, आपलं भात राहतं, तुला म्हायत न्हाय, तू ल्हान होतास. मीही मुलाला तेच सांगितलं. माझ्याकडे तर कुंड्यांचा आकडा होता.

पाणी उतरलं. भात पिवळं पडलं, मग पांढरं, मग काळं. सबंध शेतात एक झाड हिरवं राहिलं नाही. मी बांधावरून चालत एक टोक गाठलं, मग दुसरं, आणि उंच काही दिसतंय का ते शोधत होते. ते शोधतानाच मला कळलं की मी काय शोधते आहे. तिथेच खाली बसले. तीनदा खांड गेली तेव्हा तीनदा उभं राहिलेलं थोडं भात कोणतं होतं, ते त्या चिखलाकडे बघताना मला समजलं. चांगल्या सालात बुटकं भात घर भरत होतं आणि वाईट सालात कुसळाचं भात शेत राखत होतं. कणगीत दोन्हीचं बी एकत्र होतं म्हणून ते घरचं भात होतं. मी त्यातलं एक काढून टाकलं आणि उरलेल्याला शुद्ध म्हटलं.

काकींना मी त्या दिवशी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या की खार फार दिवस राहिला, म्हणून या खेपेला गेलं. मी म्हटलं, हो, फार दिवस राहिला.

मग मी बी शोधायला लागले. सगळ्यात आधी आठवलं ते विद्यापीठाच्या मुख्य आवारातलं थंड कोठार. पहिल्या वर्षी, मी शेताला हात लावायच्या आधी, काकींकडून घेतलेलं थोडं बी मी तिथे जपून ठेवायला पाठवलं होतं. ते आठवलं तेव्हा मी एसटी स्टँडवर मोठ्याने हसले असेन, कारण शेजारची बाई वळून बघायला लागली. साडेपाच तास प्रवास करून गेले. कोठार सांभाळणारे गृहस्थ भले होते, त्यांनी पाकीट शोधून दिलं, पांढऱ्या ताटलीत ओतलं. दाणे सगळे तांबूस, गोल, एकासारखा एक. एकालाही कुसळ नाही, कुसळ मोडल्याची खूण नाही. मग मला आठवलं. पाठवायच्या आदल्या दुपारी केंद्रातल्या टेबलावर बसून मी ते बी निवडलं होतं. काळे, लांबट दाणे बोटाने बाजूला सारले होते आणि खिडकीतून चिमण्यांना टाकले होते. नमुना चांगला दिसावा म्हणून. गृहस्थ म्हणाले, मॅडम, इतका स्वच्छ नमुना आमच्याकडे फार कमी येतो.

त्या हिवाळ्यात मी खाडीच्या दोन्ही अंगांची गावं पालथी घातली. आगरदांड्याहून तरीने दिघीला जायचं, तिकडची खाजणं बघायची, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की काळ्या कुसळाचं भात कुणाकडे आहे का. होतं, असं सगळे म्हणायचे. आमच्या वडिलांच्या वेळेला होतं. एकाने मला घराच्या मागे नेऊन बांधाऐवजी बंगल्याची भिंत दाखवली. एका आजोबांनी मात्र खुणेने थांबायला सांगितलं आणि तळ्याच्या काठावरून चार लोंब्या आणून दिल्या. काळी कुसळं, बोटभर लांब. मी त्या ओढणीत बांधून आणल्या, परतीच्या तरीत सारखी गाठ चाचपत होते. केंद्रावर येऊन सोडलं तर ओढणीत नुसतेच सुटे दाणे आणि काड्या. ते देवभात होतं, तळ्यात आपोआप उगवणारं रानटी भात. पिकायच्या आत दाणा गळून जातो, शेतात पेरून त्याचं काही होत नाही. आजोबांनी प्रेमाने दिलं होतं, त्यांना काय सांगणार.

पाचव्या वर्षी काकींनी कणगीत उरलेलं शुद्ध बी पेरलं. जमिनीत मीठ मुरलेलं होतं, पाऊसही लांबला. मोड चिखलावर पडले आणि तिथेच करपले. त्यांनी पुन्हा पेरलं, पुन्हा करपले. कणगी संपली. आमच्या केंद्रातलं सुधारित बी मी नेऊन दिलं, ते थोडं उगवलं, हातभर झालं आणि बसलं. गणपतीनंतर गेले तेव्हा उघाडीच्या बाजूने, जिथे पाणी अजून झिरपत होतं, तिथे तिवराची रोपं आली होती. चार-चार जाड पानांची, टवटवीत. मी मोजायला लागले आणि मग सोडून दिलं.

त्यानंतर मी महिनाभर तिकडे गेले नाही. धीर होत नव्हता. मग काकींचाच फोन आला. मुलगा रविवारी टेंपो घेऊन येतोय, भांडी आणि कपाट न्यायला. त्याआधी येऊन जा.

मी शनिवारी गेले. त्या ओटीवर बसून शालींच्या घड्या करत होत्या, त्यात आमची सत्काराची शालही होती. मी समोर बसले आणि ठरवल्याप्रमाणे सगळं सांगितलं. कुंड्या, तीन सकाळी, म्हशीने खाल्लेला ढीग, कोठारातलं पाकीट. सासूबाई बरोबर होत्या, असं सांगितलं. तुमचं शेत खाडीने नेलं नाही, मी नेलं, असं म्हणायचं ठरवलं होतं, तेही म्हणाले. बोलताना मी रडायला लागले आणि मला माझाच राग आला, कारण रडायचा हक्क त्यांचा होता.

काकींनी हातातली घडी पूर्ण केली. म्हणाल्या, त्यांना ठाऊक होतं. पाणी उतरलं त्याच दिवशी कळलं होतं. उंच उभं कुणीच नव्हतं, हे त्यांनी माझ्या आधी पाहिलं होतं. मी विचारलं की मग मला का नाही बोललात.

"तू तर थोडी ठेवली होतीस," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातनं सुटलेली, कोपऱ्याला, गवतात. पुढल्या सालाला ती मी काढली. शोधून शोधून काढली. तू तर आली पन नव्हतीस."

जिच्या मागून सर रिकाम्या हाताने फिरायचे त्या माझ्या नजरेतूनही काही झाडं सुटली होती. शेत वाचवायला ती पुरली असती. ती शोधून काढायला काकींना मीच शिकवलं होतं.

काकी म्हणाल्या, आता पुरे, जेवून जा. मी नको म्हटलं तरी त्यांनी आत जाऊन ताट वाढून आणलं. बोंबलाचं कालवण होतं आणि भात पांढरा, लांब दाण्याचा, दुकानातला. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तांदूळ विकत आणला नव्हता, ही पहिली पिशवी. पाणी किती घालायचं ते दुकानदाराला विचारलं होतं, पण तो हसायला लागला म्हणून त्या तशाच परत आल्या. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या.

"शिजलाय काय गं बरोबर?" त्यांनी विचारलं. "मना याचं कळत न्हाय."

जास्त पाण्याने भात पार गिजगा झाला होता. मी म्हटलं, छान झालाय काकी, आणि ताटात काही उरू दिलं नाही.